मामांचा कोरोना कुठला?

रामगोंडा पाटलानं मंगळवारी सकाळी फोन उचलला, ही पहिली चूक. फोन साताऱ्याहून होता, आणि साताऱ्याहून सकाळी साडेसातला फोन येतो तेव्हा कुणाचं तरी काहीतरी झालेलं असतं, एवढं माणसाला बासष्टाव्या वर्षी कळायला हवं.

"पाटील, राग मानू नका," पलीकडून आवाज आला. "मला कोरोना निघालाय."

बोलत होते सातारचे मामा. हे रामगोंडाचे मामा नव्हेत. रविवारी साताऱ्यात त्याच्या चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा झाला, त्यातल्या नवऱ्यामुलाचे मामा. रामगोंडाची आणि त्यांची ओळख एकूण दोन तासांची. पण ते दोन तास एकाच सोफ्यावर गेले होते, आणि बँजोवाले इतके जवळ बसले होते की मामा जे काही बोलले ते रामगोंडाच्या कानाला तोंड लावून बोलले. सगळं बोलणं खतांच्या भावावर होतं. त्यासाठी एवढं जवळ यायची काही गरज नव्हती.

दुसऱ्या एखाद्या आठवड्यात रामगोंडानं "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला असता. पण गुरुवारी महाराज येणार होते.

मिरजेच्या पूर्वेला बसनूर म्हणून गाव आहे, तिथली ही गोष्ट. ऐंशी वर्षांचे मुनिमहाराज चातुर्मासाच्या ठिकाणी पायी निघाले होते, आणि वाटेत बसनूरला गुरुवार ते रविवार असे चार दिवस थांबणार होते. जैन मुनींचा आहार दिवसातून एकदाच. अन्नही तेव्हाच आणि पाणीही तेव्हाच. ज्यांना आहार द्यायचा असेल त्यांनी घरी चौका लावायचा, म्हणजे गाळलेल्या पाण्यात, सोवळ्यात स्वयंपाक करायचा, आणि सकाळी दारात उभं राहून महाराजांना बोलवायचं. महाराज कुणाच्या दारात थांबतील हे कुणालाच माहीत नसतं. मनाशी एक खूण धरून ते निघतात, आणि ती खूण ज्या दारात दिसेल तिथं वळतात. खूण नारळाची असेल, कलशाची असेल, नवराबायकोच्या जोडीची असेल. सांगत नाहीत.

रामगोंडाच्या बायकोनं, गुणमालानं, लग्नापासून अकरा वेळा चौका लावला. अकराही वेळा महाराज पुढं गेले. एकदाच, सहा वर्षांपूर्वी, पावलं दारापाशी हळू झाली होती. नेमका तेव्हाच रामगोंडा पाठीवर औषधाचा पंप घेऊन बागेतनं आला. हात मोरचुदानं निळे, अंगाला गंधकाचा वास. महाराज क्षणभर थांबले आणि पुढं गेले. गुणमाला त्या दिवशी काही बोलली नाही. तिनं सगळ्यांची ताटं वाढली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रामगोंडाला पुढं फार वाटलं. मागच्या कार्तिकात ती गेली.

तर ह्या वेळी चौका रामगोंडानं लावायचा ठरवला होता. फलटणहून थोरली बहीण चंदनाअक्का आली होती, पुण्याहून अतिशय नावाचा मुलगा आणि सून ब्राह्मी येणार होते. महिनाभर रामगोंडा अंगणातल्या फरश्या धूत होता. जन्मात त्यानं घरात इतका उत्साह दाखवला नव्हता. आणि आता हा मामा.

"आरं राम्या, त्यात काय एवढं," अक्का म्हणाली. अक्काला सुतकाचे सगळे नियम तोंडपाठ. "दिवस कवापासनं धरायचे? ऐकल्यापासनं. मंगळवारी ऐकलं. लांबचा पावणा, तीन दिवस. शुक्रवारी डोक्यावरनं आंघोळ कर, मोकळा झालास."

"अक्का, ते मेलं न्हाईत. आजारी हायत."

"मग तर अजून कमी."

बोटांवर दिवस मोजून ती पुन्हा म्हणाली, "दिवस उलटून गेल्यावर कळलं असतं तर नुसत्या आंघोळीवर भागलं असतं. तू फोन उचललासच कशाला?"

रामगोंडानं चपला पायात सरकवल्या. तो उपकेंद्रावर गेला. तिथं संयोगिता नावाची नर्स होती, मुलगी हुशार. तिनं त्याला दारातच उभं केलं, मास्क दिला, आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्याच्या मागं लिहायला लागली.

"काका, ऐकल्यापासनं न्हाई, भेटल्यापासनं मोजायचं. विषाणू अंगात शिरला की लगेच काही दिसत न्हाई. पहिल्या साथीत दिसायला पाचसहा दिवस लागायचे, कुणाकुणाला चौदा. डेल्टाला चारेक. ओमिक्रॉन आला तो तीनच दिवसात दिसायला लागला. आत्ता जे फिरतंय ते त्याच्याच घराण्यातलं. दोन ते चार दिवस, लय झालं तर थोडं पुढं."

"आणि दुसऱ्याला कवा लागतंय?"

"तीच तर मेख हाय. दिसायच्या एकदोन दिवस आधीपासनं लागतंय. अंगात काय न्हाई म्हणून माणूस हिंडत असतो, आणि वाटत असतो."

इथं रामगोंडाचा चेहरा उजळला. वेळ आनंदाची नव्हती, पण त्याचा इलाज नव्हता. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेल्या माणसाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. डावणीची बुरशी पानावर दिसते तेव्हा ती आलेली नसते, येऊन आठवडा झालेला असतो. वरनं पान हिरवंगार आणि आत सगळा कारभार सुरू.

"आणि भेटलो तो दिवस शून्य का एक?" त्यानं विचारलं.

"शून्य."

"बरोबर! छाटणीचा दिवस आमी बी शून्यच धरतो!"

संयोगिता म्हणाली, काका, एवढं आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. रामगोंडा तिथनं निघाला तो जवळजवळ पळतच. बागेतल्या शेडमध्ये मुक्काम टाकला, अक्काला सांगितलं की जेवण बांधावर ठेवून जायचं, आणि फवारणीच्या वहीत नवं पान काढलं. 'दिवस ०. रविवार. साताऱ्यात साखरपुडा. वातावरण ढगाळ. दिवस २. मंगळवार. लक्षण नाही. भूक चांगली.'

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं मामांच्या कोरोनावर अवलंबून होतं. नवा असेल तर रविवारपर्यंत सात दिवस होतात, काम जमतंय. जुना असेल तर चौदा दिवस, म्हणजे महाराज जाऊन आठवडा झालेला. त्यानं फोन लावला.

"मामा, तुमचा कोरोना कुठला?"

"कुठला म्हंजे? आमच्या घरचाच."

"तसं न्हाई. जात कुठली? डेल्टा का ओमिक्रॉन?"

मामांना राग आला. "आवं, डेल्टा आता कुणाला होतोय पाटील? आमी काय तसलं वाटलो व्हय? आमचा एकदम नवा. पुण्यासनं आलेला."

"नाव काय?"

"नाव लांबडं हाय. आकडे हायत त्यात, गाडीच्या नंबरागत."

"रिपोर्टवर लिवलंय का?"

"रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह. पण अंगावरनं कळतंय की माणसाला."

द्राक्षाची जात पानावरनं ओळखता येते हे रामगोंडाला माहीत होतं. पण मामांच्या अंगावरनं विषाणूची जात सांगता येईल, ह्यावर तो विसंबायला तयार नव्हता. त्यानं संयोगिताला विचारलं. ती म्हणाली, जात ओळखायची तपासणी वेगळी, नमुने बाहेर पाठवतात, आणि ते कळेपर्यंत मामा बरे होऊन लग्नाची खरेदीही करून येतील. पण आत्ता सगळीकडे ओमिक्रॉनच्या नातवंडांचाच सुळसुळाट आहे, तेव्हा तेच धरा.

'धरा' हा शब्द रामगोंडाला आवडला नाही. ऐंशी वर्षांचा देह, दिवसात एकदाच अन्न, औषध घ्यायचं तर तेही त्याच वेळी. तिथं धरून कसं चालेल?

बातमी तोवर गावात पसरली होती. विषाणूचा वेग संयोगितानं कॅलेंडरवर लिहून दाखवला होता, बसनूरच्या बातमीचा वेग कुणी मोजलेला नाही. प्रत्येक घरातनं काढा आला. आलं, मिरी, गवती चहा, लवंग, ओवा. तात्याबा वाण्यानं त्यात काय घातलं होतं ते त्यानं मरेपर्यंत सांगणार नाही म्हणून सांगितलं. बुधवारी संध्याकाळपर्यंत बांधावर चौदा तांबे जमले. नाही म्हणायचं तर लोकांची मनं मोडतात, म्हणून रामगोंडा सगळे प्याला.

रस्त्यापलीकडचे सुभेदार उदयसिंह लष्करातनं निवृत्त झालेले. रामगोंडाच्या बरोबरीचे. ते हातात चुन्याची पिशवी घेऊनच आले. "गड्या, दुश्मन दिसत नसला की आधी हद्द आखायची," म्हणाले आणि शेडभोवती सहा फुटांवर पांढरी रेघ मारली. कुत्र्यानं ती ओलांडली तेव्हा कुत्र्याला ओरडले. मग रेघेबाहेर खुर्ची टाकून बसले आणि अक्काशी वाद घालायला लागले, कारण अक्काला वेगळीच शंका आली होती.

"साबणानं हात धुतला की तो जीव मरतो म्हणं. मग हिंसा कुणाच्या माथी?"

"चंदनाअक्का, त्यो जीव हाय का न्हाई ह्यावरच शास्त्रज्ञांच्यात भांडण हाय."

"मिटू दे की मग भांडण. तवर कसा मारायचा?"

"मारायचा न्हाई. पाण्याबरोबर रवाना करायचा. बदली म्हणायचं."

अक्काला हे पटलं. त्या दिवसापासून ती हात धुताना "जा बाबा जा" म्हणायला लागली.

बुधवारी रात्री मंदिराच्या पंचांची बैठक झाली, आणि ठरलं की रामगोंडानं कोरोना नसल्याचा दाखला आणावा, मगच दारात उभं राहावं. दाखला म्हटल्यावर गुरुवारी सकाळी तो मास्क लावून ग्रामपंचायतीच्या खिडकीशी गेला. आतल्या माणसानं सगळी यादी वाचली. रहिवासाचा आहे, शौचालयाचा आहे, हयातीचा आहे. "हयातीचा देऊ का? त्यातनं एवढं तरी सिद्ध होतंय की तुमी अजून हाय."

तिथनं मोटरसायकलवर मिरज. एका दवाखान्यात टेस्टसाठी रांग. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "लक्षणं काय?"

"काय न्हाई."

"मग टेस्ट नाही. लक्षणं असली तरच."

"बाई, लक्षणं यायच्या आधीच तर लागतंय ते. दिसायच्या एकदोन दिवस आधी. डावणीगत."

"कोण डावणी? पेशंटचं नाव काय?"

रामगोंडानं खोकून दाखवलं. बाईंनी तीस वर्षं खोकले ऐकले होते. त्यांनी फक्त चष्म्यावरनं बघितलं आणि "पुढचे" म्हणाल्या. बासष्ट वर्षांचा, सोळा एकर बागेचा धनी, सोसायटीचा माजी चेअरमन, रांगेतल्या सगळ्यांसमोर खोटं खोकताना सापडला. परतताना त्यानं गाडी फार हळू चालवली.

शेवटी शुक्रवारी संयोगितानंच दुकानातनं घरच्या घरी करायचे दोन किट आणले. पाचवा दिवस. नाकात काडी घातली, थेंब टाकले, पंधरा मिनिटं सगळे चुन्याच्या रेघेबाहेरनं त्या पट्टीकडे बघत बसले. सुभेदार उभेच होते. एकच रेघ आली. अक्कानं टाळ्या वाजवल्या.

"थांबा," संयोगिता म्हणाली. "एकदा निगेटिव्ह आली म्हणून खात्री नसते. अट्ठेचाळीस तासांनी परत. रविवारी सकाळी निगेटिव्ह आली, आणि तोवर काही लक्षण नसलं, तर मास्क लावून उभं राहा. पण लक्षण नसलं तर. पक्कं."

पंचांनी हे मान्य केलं. रविवार हा महाराजांचा शेवटचा दिवस.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार अतिशय आणि ब्राह्मी दारात उभे राहिले. महाराज तीन दिवस तीन वेगळ्या घरी वळले. रामगोंडा शेडमधनं मान लांब करून बघायचा आणि वहीत लिहायचा. 'दिवस ६. महाराज वरच्या आळीला. दोडक्याची भाजी होती म्हणे. लक्षण नाही.' शनिवारी झोप लागेना, इतका तो आनंदात होता. नवं धोतर उशाशी घडी करून ठेवलं होतं. महाराजांना थांबवायला दारात म्हणायचं ते सगळं म्हणून बघितलं. नमोस्तु, नमोस्तु. अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ. मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. गुणमाला हे म्हणायची तेव्हा तिचा आवाज 'तिष्ठ'वर जरा चढायचा. त्यानंही चढवून बघितला.

रविवारी पहाटे तो उठला आणि घसा खवखवला.

आता, पुढचं आत्ताच सांगून टाकतो. सोमवारी संयोगितानं तिसरी टेस्ट केली, तीही निगेटिव्ह आली. बुधवारीही. घसा काढ्यानं सोलवटला होता, आणि तात्याबानं आपल्या काढ्यात तंबाखूचं देठ घातलं होतं हेही पुढं बाहेर आलं. पण हे सगळं सोमवारनंतर. रविवारी पहाटे बागेच्या शेडमध्ये एकटा माणूस गिळून बघत होता, आणि गिळताना दुखत होतं.

सात वाजता टेस्ट झाली. एकच रेघ. अतिशयनं उडीच मारली. सुभेदारांनी सलाम ठोकला. अक्का म्हणाली, "चल, आंघोळ कर, आज तू उभा राहायचंस!" संयोगितानं विचारलं, "काका, काही त्रास न्हाई ना?"

रामगोंडानं पुन्हा एकदा गिळून बघितलं. मनशुद्धी होती. कायशुद्धीचं कोण सांगावं? पण आत्ता "न्हाई" म्हटलं, तर वचनशुद्धी इथंच गेली. मग दारात उभं राहून तीन शुद्ध्या म्हणायच्या, आणि त्यातल्या दोन खोट्या. ऐंशी वर्षांच्या माणसासमोर.

"घसा दुखतोय," तो म्हणाला.

सुभेदारांचा सलामाचा हात खाली आला. शेवटी अक्काच म्हणाली, "राम्या, आरं काढ्यानं आसंल."

"आसंल. पण ठाऊक हाय का?"

ठाऊक नव्हतं. अतिशय आणि ब्राह्मी सोवळं नेसून दारात गेले. ते दोघं आणि अक्का मंगळवारपासून रामगोंडाच्या जवळ आले नव्हते, त्यामुळं चौका स्वच्छ होता. रामगोंडाला सुभेदारांनी रस्त्यापलीकडं, आपल्या कुंपणाच्याही आत, जांभळीखाली उभं केलं. पावलांनी मोजून साठ फूट. "सहा पुरतंय, पण आपण रिझर्व ठेवू," म्हणाले. मास्कवर मास्क लावला.

साडेनऊला महाराज निघाले. गल्लीत प्रत्येक दारात लोक उभे. कुणी नारळ घेतला होता, कुणी दोन कलश, कुणी आंबे. एकानं खुणेचा काही नेम नाही म्हणून तिन्ही घेतले होते आणि त्याला हात जोडता येत नव्हते. महाराज एकेक दार मागं टाकत आले. हळू चालत होते. रामगोंडाच्या दारापाशी आले आणि पुढं गेले.

चार पावलं. रामगोंडानं डोळे मिटले.

"थांबल्यात," सुभेदार कुजबुजले.

महाराज वळले होते. ते दाराकडं बघत नव्हते. रस्त्याच्या पलीकडं, कुंपणाच्या आत, जांभळीखाली, दोन मास्क लावून हात जोडून उभ्या असलेल्या माणसाकडं बघत होते. किती वेळ बघितलं ते गावात आजही वेगवेगळं सांगतात. मग मागं फिरले आणि दारात जाऊन उभे राहिले. अतिशयनं नुसते हात जोडले. ब्राह्मीनंच म्हटलं, "अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ."

महाराज आत गेले.

रामगोंडा जांभळीखालीच उभा राहिला. आतनं पितळी भांड्यांचा आवाज आला, अक्काचं "सावकाश रं, सावकाश" आलं. त्याला घास देता येत नव्हता, बघता येत नव्हतं, पण चालू होतं. गुणमालाच्या घरात, तिच्या चुलीवरचं. आणि आता त्याला रडू यायला लागलं. कार्तिकात आलं नव्हतं ते. तेव्हा माणसं होती, विधी होते, बागेची छाटणी तोंडावर होती.

त्यानं मास्कवर हात दाबला. सुभेदार घाबरले. "काय होतंय? दम लागतोय? गाडी काढू?"

रामगोंडानं मान हलवली.  मुनींच्या कानावर रडण्याचा आवाज पडला तर आहार तिथंच थांबतो, हातातला घास तसाच सोडून ते उठतात, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. हे तो हुंदक्यामधनं, तुटक तुटक, सुभेदारांना कसाबसा म्हणाला.

"मग इथं काय करतोस? पळ!" सुभेदार म्हणाले.

रामगोंडा पळाला. नवं धोतर दोन्ही हातांनी वर धरून बासष्ट वर्षांचा माणूस गल्लीच्या मागनं, ओढ्यावरनं, बांधावरनं पळाला, आणि मागनं सुभेदार, सहा फुटांचं अंतर राखून. बागेच्या पार पलीकडच्या टोकाला, जिथनं गावाचा भोंगाही नीट ऐकू येत नाही, तिथं वेलींच्या सावलीत रामगोंडा खाली बसला. तरी तोंड दाबूनच होता. नजर गावाकडं.

सुभेदार बांधावर चढले, हाताची सावली करून रामगोंडाच्या घराकडं बघितलं. दारात अजून गर्दी होती, कुणी हललं नव्हतं. ते पाठ फिरवून उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले,

"रड निवांत, रामगोंडा! महाराज अजून जेवत्यात!"